बुधवारचे दोन तास

नवापुरात नलूला कोणी काही शिकवावं, असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. शिकवायचं ते नलूने, बाकीच्यांनी ऐकायचं. बांबूच्या वलांडीवर बोंबील कसे टांगायचे, सुनेने सकाळी किती वाजता उठायचं, पाहुण्याला दुसऱ्यांदा चहा विचारायचा की नाही, या सगळ्याचा निकाल तिच्या ओट्यावर लागायचा. शाळा जेमतेम दोन इयत्ता, तीही पावसाळ्यापुरती, बोटी वर ओढलेल्या असायच्या तेव्हाची. पण सही करायची ती अशी दाबून, की खालच्या कागदावर उमटायची.

अशी ही नलू सहासष्टाव्या वर्षी दर बुधवारी रिक्षात बसून बोईसरला वर्गाला जायला लागली, तेव्हा लोक आडून हसले. समोर हसायची कोणाची छाती नव्हती.

वर्ग होता म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्यांचा. स्टेशनपासून थोडं आत एका सोसायटीचा हॉल होता, तिथे एका संस्थेने 'सोबत केंद्र' म्हणून सुरू केलेला. अकरा ते एक. एका खोलीत सांभाळणारे बसायचे, बाजूच्या खोलीत ज्यांना सांभाळायचं ते. उन्नती नावाची तिशीतली मुलगी शिकवायची. अंथरुणावरच्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, घास अडकू नये म्हणून मान कशी धरायची, आठवण गेलेल्या माणसाशी वाद का घालायचा नाही, असलं.

पहिल्या दिवशी उन्नतीने विचारलं, "काकी, तुम्ही पेशंटला पलंगावरून कसं उठवता?"

"पलंग नाय आमच्याकडं, चटई हाय," नलू म्हणाली. "आनि पेशंट नाय तो, तांडेल हाय."

तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य. नलूचा नवरा जानू पस्तीस वर्षं तांडेल होता. हाताखाली आठ खलाशी. कंपास नाही, मोबाइल नाही, नुसत्या पाण्याच्या रंगावरून कुठे आलो ते सांगायचा. तीन वर्षांपूर्वी त्याची आठवण झिरपायला लागली. आधी माणसांची नावं गेली, मग घराची गल्ली, मग ताटातलं जेवण संपलं की नाही हे. हल्ली तो नलूला कधी नलू म्हणायचा, कधी आये म्हणायचा आणि दूध मागायचा. एक गोष्ट मात्र त्याच्या अंगातून गेली नव्हती. भरती. खाडीत पाणी भरलं की बोट तरंगते, तेव्हाच निघायचं, हे पस्तीस वर्षांचं वळण. पाणी भरायची वेळ झाली की जानू कुठेही असो, कसाही असो, उठायचा आणि किनाऱ्याकडे चालायला लागायचा. पायात चप्पल नाही, कधी कमरेला लेंगासुद्धा नाही.

उन्नतीने सगळ्यांना एक चित्रांचा तक्ता दिला होता. रोज त्याच वेळी उठवायचं, त्याच वेळी जेवण, त्याच वेळी फिरायला न्यायचं, म्हणजे असं माणूस शांत राहतं. नलूने तक्ता उलटा-सुलटा करून पाहिला.

"पोरी, तुझं घड्याळ भिंतीवर हाय. त्यांचं दर्यात हाय. रोज पाऊन तास पुढं सरकतं. अष्टमीला सांजेला उठतात, पुनवेला भर दुपारी. आता हा कागद मी कुनाला दाखवू, चंद्राला?"

वर्ग हसला. उन्नतीही हसली, आणि तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. नलूला ते आवडलं. आपण बोललेलं कोणी लिहून घ्यावं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

पण खरं सांगायचं तर नलू शिकायला जातच नव्हती. त्या दोन तासांत जानूवर दुसऱ्या कोणाचे तरी डोळे असायचे, म्हणून जात होती. मुलगा प्रदीप कंपनीत पाळीला, सून दीपिका कुंभवलीच्या बाजूला पॅकिंगच्या कामाला, नात शाळेत. दिवसभर घरात ती आणि तो. दार लावून न्हायला बसावं तर हा कडी काढून बाहेर. आठवड्याचे बाकी तास ती कान टवकारून जगायची. बुधवारी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलं की पाचव्या मिनिटाला तिचे डोळे मिटायचे. उन्नती तिला उठवायची नाही. बाजूच्या खोलीत म्हाताऱ्यांना रंगीत लोकर द्यायचे, गोळे करायला. जानू त्या लोकरीचं जाळं विणायचा. जाळ्याचे डोळे एकसारखे, सुबक, बोट शिरेल न शिरेल असे. एकदा तिथल्या मदतनीस बाईने विचारलं, "काका, एवढ्या बारीक जाळ्यात काय पकडणार?" तर म्हणाला, "जवला. तू बोलू नको, जवला पळंल."

त्याच वर्गात मंजुळा यायची. नलूच्याच आळीतली, तीन घरं सोडून. दोघींचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण नलूची जीभ. मंजुळाची सासू तानी अशीच हरवलेली. मंजुळा एकटी बाई, नवरा वारलेला, पहाटे बंदरावर मासळी निवडायला जायचं, तर ती सासूला पाठीमागच्या खांबाला जुन्या लुगड्याने बांधून जायची. नलूला कळलं तेव्हा वलांडीखाली दहा बाया बोंबील टांगत होत्या. त्या सगळ्यांदेखत नलू म्हणाली होती, "सासूला खांबाला बांधतेस मंजुळे, मग दोन मूठ पाला पन टाकत जा. बकरी तरी सुखानं र्‍हाईल." बाया हसल्या. मंजुळा हातातले बोंबील खाली ठेवून निघून गेली. त्या दिवशी नलूने घरी येऊन दीपिकाला सांगितलं होतं, "या घरात मानसाला दोरी लागनार नाय. मी असताना नाय."

तेव्हा जानूला फक्त नावं विसरायला होत होती.

गणपती झाले आणि उन्नतीने वर्गात बातमी सांगितली. पुढच्या महिन्यापासून केंद्र रोज चालणार. दहा ते चार. गाडी घरी येणार, माणसाला घेऊन जाणार, जेवू घालणार, परत आणून सोडणार. एका कंपनीने गाडी दिलीय. पण जागा आठच. पुढच्या बुधवारी डॉक्टरीण येईल, ती प्रत्येकाची चौकशी करेल आणि त्यावरून आठ जण ठरतील.

नलूला आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही. दहा ते चार. सहा तास. न्हाता येईल, डोकं धुता येईल. बोईसरच्या बाजारात तिची सुक्या मासळीची जागा गेलं वर्षभर रिकामी होती, तिथे पुन्हा टोपली मांडता येईल. आणि जानूला घरात कोंडायला नको. हल्ली दीपिका रोज संध्याकाळी एकच वाक्य म्हणायची, "आये, काय तरी करायला लागंल. नायतर बांधून ठेवायला लागंल." नलू तिला झापायची, पण आता पहिल्यासारखं झापणं जमत नव्हतं.

त्या बुधवारी अष्टमी होती. भांगाचं, म्हणजे कमी जोराचं पाणी, भरती सांजेला. म्हणजे सकाळी जानू शांत. नलूने त्याला पांढरा सदरा घातला, केसांना तेल लावलं, टोपी दिली. निघताना त्याने दोनदा लेंगा खराब केला, तिने दोनदा बदलला. बोईसरला पोचेपर्यंत तो जुन्या दिवसांतल्यासारखा दिसायला लागला होता, सरळ पाठीचा, कोणाकडे न बघणारा.

डॉक्टरीण पोरसवदा होती. समोर कागद, हातात पेन. मागे रांगेत बाकीचे उभे, नलूच्या पाठीला लागून मंजुळा.

"आजोबा स्वतःच्या हाताने जेवतात?"

"हात हायत त्यांना."

"कपडे स्वतः घालतात?"

"मंग? पाळन्यातलं पोर हाय का?"

"लघवी, संडास कळतं?"

नलूच्या मानेवर मंजुळाचा श्वास लागत होता. पिशवीत खाली दोन ओले लेंगे गुंडाळलेले होते.

"कळतं."

"घराबाहेर निघून जातात? वाट चुकतात?"

"बाई, काळोखात, किनारा दिसत नाय एवढं आत जाऊन आपलंच डोल जाळं बरोबर शोधून काढलेला मानूस हाय. तो बोईसरात वाट चुकनार?"

डॉक्टरीण कौतुकाने हसली, कागदावर खुणा करत गेली. जानू शेजारी टोपी सावरून बसला होता. एकदाच म्हणाला, "वारा पडलाय," आणि तेही खरंच होतं.

नलू खोटं बोलली, पण ठरवून नाही. तांडेलाच्या बायकोची जीभ तशीच घडलेली असते. तांडेल आजारी आहे हे किनाऱ्याला कळलं की दुसऱ्या दिवशी खलाशी दुसऱ्याच्या बोटीत. ज्याच्या डोळ्यांवर आपला जीव टाकायचा, त्याचे डोळे दुखतात हे कोण ऐकून घेईल? एका वर्षी जानू पंधरा दिवस तापाने दाराआड पडून होता, आणि नलू ओट्यावर बसून येईल त्याला सांगत होती, "सफाळ्याला गेलेत, पोरासाठी मुलगी बघायला." बोट राहिली, माणसं राहिली. त्यात बोटीचीच दुसरी समजूत. बोटीवर माणूस घेताना धडधाकट बघून घेतात. घाण करणाऱ्याला, पळून जाणाऱ्याला गाडीत कोण बसवेल? निवडायचे आठच, म्हणजे चांगले आठ निवडणार. नलूला वाटलं, जानू पास झाला.

मागून मंजुळाचा आवाज तिच्या कानावर आला. "नाय, जेवत नाय. भरवायला लागतं. हो, सगळं अंगावरच. बांधते ना. काय करू मग."

नलूने मनात म्हटलं, गेली हिची जागा.

पुढचा बुधवार पुनवेचा. उन्नतीने यादी वाचली. पहिलं नाव तानी. आठवं नाव कोणा सफाळ्याच्या माणसाचं. जानूचं नाव नव्हतं.

नलू उठून उभी राहिली. "मंग आमचा मानूस नापास झाला म्हनायचं."

"नाही काकी," उन्नती हळू आवाजात म्हणाली. "हे उलटं असतं. जितके गुण जास्त तितकी गरज जास्त. तानीआजींना तीसपैकी सत्तावीस आहेत. काकांना तीन."

"तीनच?"

"तुम्हीच सांगितलंत सगळं ठीक आहे. मी दोन महिने बघतेय काकांना, मला दिसतंय ना. पण कागदावर तुम्ही सांगाल तेच जातं."

 नलूने वळून जानूकडे पाहिलं. बाजूच्या खोलीत जानू बसेना म्हणून मदतनीस बाई त्याला घेऊन आत आली होती. साडेअकरा वाजून गेले होते. पुनवेची भरती, पाणी चढत होतं, आणि जानू खिडकीचे गज धरून ओढत होता.

"दुसरा कागद आन," नलू म्हणाली.

"काकी, आपण नंतर बाहेर बसून…"

"आत्ता आन. परत माझ्या तोंडातनं निघनार नाय."

उन्नतीने कागद आणला. आणि नलूने सांगितलं. खालच्या मानेने नाही, नेहमीच्याच मोठ्या आवाजात, कारण तिला दुसरा आवाज नव्हता. भरवायला लागतं. घास गालात तसाच ठेवतात. अंगावरच होतं, दिवसाला चार-पाचदा, त्या दिवशी पिशवीत दोन लेंगे होते. मला आये म्हनतात. रात्री माझ्या छातीशी येतात दूध प्यायला, साठ किलोचा मानूस. परवा नातीच्या समोर कपडे काढून उभे र्‍हायले. पानी भरलं की पळतात. मी मागं पळते, माझा गुडघा गेलाय. एकदा मी मारलं त्यांना. दोनदा मारलं.



जानूने गज सोडले. वळून नलूकडे पाहिलं. तिने ती नजर ओळखली, बोटीवरून पाण्याचा रंग बघतानाची. महिन्यातून एखाद वेळी त्याचं भान असं उघडायचं, आणि ते नेमकं त्या क्षणी उघडलं.

"नलू," तो म्हणाला, "कोन हाय हा मानूस?"



"असा मानूस बोटीवर घेऊ नका," जानू म्हणाला. "बाकीच्यांचा जीव जाईल." मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, घडी केली आणि खिशात ठेवली. त्या दिवसानंतर त्याने टोपी घातली नाही. कोणी घातली तर काढून घडी करायचा.

तो आपल्याबद्दलच बोलला की दुसऱ्या कोणाबद्दल, हे नलूला कधीच कळलं नाही. कळून घ्यायचं धैर्यही तिला झालं नाही.

नवा कागद वर गेला. वरून उत्तर आलं, गुण अठ्ठावीस, पण आठ म्हणजे आठ, नाव प्रतीक्षेत ठेवलंय. गाडी आळीत यायला लागली. रोज साडेनऊला मंजुळाच्या दारात हॉर्न वाजायचा आणि जानू दाराकडे धावायचा, कुठेतरी जायचं आहे एवढंच त्याला कळायचं. गाडीचा ड्रायव्हर भला, दोन दिवस त्याला हाताने मागे सारून म्हणाला, "बाबूजी, कल ले जाएँगे." तिसऱ्या दिवसापासून गाडी आळीच्या तोंडाशीच थांबायला लागली.

दिवाळीनंतर गाडीही थांबली. कंपनीचं वर्ष संपलं म्हणे, पुढच्या वर्षाचं अजून ठरलं नाही. मग हॉल गेला, कोणाला तरी ट्यूशनसाठी दिला. शेवटच्या बुधवारी सात-आठच जण आले होते. उन्नतीने प्रत्येकाला एक चित्रांचं पुस्तक आणि एक फोन नंबर दिला. नलूच्या हातात पुस्तक देताना तिचा चेहरा पडला होता.

"काकी, मला सांभाळून घ्या."

"तुला काय सांभाळू," नलू म्हणाली. "रांगेत उभी र्‍हा."

घरी येऊन तिने पुस्तक पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण चित्रं कळत होती. एका पानावर खुर्चीला बांधलेला म्हातारा होता आणि त्याच्यावर लाल फुली. दीपिकाने नंबर लावून दिला. एक बाई आत बोलली की हा क्रमांक तूर्त बंद आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा लावला. तीच बाई.

पुढची अमावास्या आली. भर दुपारची भरती. नलू आठ दिवस न्हायली नव्हती. पाणी भरायला अजून अर्धा तास आहे, या बेताने तिने जानूपुढे भाताचं ताट ठेवलं, कडी लावली, कडीत चमचा अडकवला आणि मोरीत शिरली. डोक्यावर दोन तांबे पडले असतील नसतील, तोच चमचा पडल्याचा आवाज झाला.

ओल्या लुगड्याने ती किनाऱ्याला पोचली तेव्हा धीरज जानूला पाण्यातून ओढून आणत होता. धीरज एके काळी जानूच्याच बोटीवर खलाशी होता. जानू गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून हात वर करून हाका मारत होता. आठही जणांची नावं घेतली, म्हणे, एकही चुकला नाही. त्यातले तीन आता हयात नाहीत.

"काकी," धीरज धापा टाकत म्हणाला, "मी आज हितं होतो म्हनून. आता तांडेलाला मोकळं सोडू नका."

त्याने बोटीतली नायलॉनची दोरी कापून तिच्या हातात दिली. तिला दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं. त्याने फक्त हाताशी होतं ते दिलं.

घरी आणून नलूने जानूला पुसलं, कोरडं केलं, मधल्या खांबाशी चटईवर बसवलं. दोरी हातात घेऊन ती त्याच्यासमोर बसून राहिली.  दारात सावली पडली. मंजुळा होती. किनाऱ्यावरचं तिच्यापर्यंत पोचलं होतंच.

नलू वाट बघत राहिली. आता ही बोलेल, पाल्याचं बोलेल, दोन वर्षं तोंडात धरून ठेवलेलं सगळं बोलेल. बोलू दे. वर न बघता तिने मान पुढे केली, जणू कोणी पाठीत घालणार आहे.

"दोरी नको," मंजुळा म्हणाली. "काचते. दुसऱ्या दिवशी फोड येतात, मग ते पिकतात. जुनं लुगडं घे, नऊवारीच. कमरेला बांध, हाताला नको. हाताला बांधलं की रडतात. गाठ पाठीमागं, बोट शिरंल एवढं सैल. आनि तोंड दर्याकडं नको करू."

एवढं सांगून ती जायला वळली.

"तानी कशी हाय?" नलूने विचारलं.

"तशीच. परत खांबाला."

ती गेली.

नलूने पेटीतून लुगडं काढलं. हिरवं, लग्नानंतरच्या पहिल्या नारळी पुनवेला जानूने आणलेलं, आता विरून मऊ झालेलं. त्याचा पीळ करून तिने त्याच्या कमरेभोवती घेतला, खांबाभोवती घेतला आणि गाठ मारली. गाठ वेडीवाकडी झाली.

जानूने मान वळवून पाहिलं. हात मागे नेला, बोटांनी गाठ चाचपली.

"ही सुटंल," तो म्हणाला. "कोनी शिकवली तुला?"

त्याने ती एका झटक्यात सोडली. मग लुगड्याची टोकं हातात घेतली, एक खांबाभोवती फिरवलं, त्यातून दुसरं ओवलं, उलटं घेतलं आणि दोन्ही हातांनी आवळलं. बोट नांगरताना मारायचा तीच. दर्याने कितीही ओढलं तरी न सुटणारी. त्याने एकदा ओढून पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

"आता वाहून जानार नाय," म्हणाला.

नलूने गाठीत बोट घालून पाहिलं. शिरलं नाही. सैल करायला गेली, तर तिला जमेना, आणि त्यालाही आता ती आठवत नव्हती. तो भिंतीकडे बघत बसला होता.

ती उठली, मोरीत गेली. बादलीतलं अर्धं पाणी तसंच होतं, गार झालेलं. तिने ते डोक्यावर घेतलं.

"नलू," आतून हाक आली, "पानी भरलं?"

बाहेर खाडी काठोकाठ होती. बोटी एकमेकींवर आपटत होत्या, घरात ऐकू येत होतं.

"नाय अजून," ती म्हणाली, आणि दुसरा तांब्या ओतला.